कोपराच्या मापाचे गाव

या गावात बँकेत जायचे तर आधी स्टूल मोकळे आहे का ते बघावे लागते. काउंटर इतका उंच आहे की पलीकडचा कारकून न्यायाधीशासारखा वरून खाली बघतो, आणि अलीकडच्या माणसाला आपण उगीचच काहीतरी गुन्हा करून आलो आहोत असे वाटू लागते. कोर्टात याच्या उलट. तिथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून कपाळ आणि दोन डोळे एवढेच बाहेर दिसतात, त्यामुळे अगदी खरे बोलणारा माणूससुद्धा दडून बसल्यासारखा वाटतो. टपालपेटीत पाकीट टाकताना बायका टाचा उंचावून उभ्या राहतात आणि पाकीट आत पडले की नाही याची खात्री कानांनी करून घेतात. न्हाव्याच्या आरशात बुटक्या गिऱ्हाइकाला स्वतःचे केस तेवढे दिसतात, तोंड दिसत नाही. तक्रार केली की न्हावी म्हणतो, कापायचे केसच आहेत ना? वाचनालयाच्या पायऱ्या चढताना म्हातारे वाचक मध्येच टेकतात, आणि खाली उतरणाऱ्यांकडून वर्तमानपत्रातल्या बातम्या तिथल्या तिथे ऐकून परत फिरतात.

या गावची माणसे परगावी लगेच ओळखू येतात. जिन्यावर पाय गरजेपेक्षा वर उचलतात आणि पायरी सापडली नाही म्हणून पुढे कोलमडतात.

हे सगळे एका माणसाचे काम. गावात त्याला शिडीमिस्त्री म्हणत, कारण भिंत बांधताना इतरांना जिथे शिडी लागे तिथे त्याचा हात सरळ पोहोचे. तरुणपणी तो दुसऱ्यांच्या घरात शिरताना दारात वाकायचा. पुढे गावातली दारे तोच बांधू लागला आणि वाकायचा थांबला. टेप आणि फूटपट्टी यांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. टेप ताणली की लांबते, घामाने तिच्यावरचे आकडे पुसतात, आणि एकाची टेप दुसऱ्याच्या टेपेशी कधी जुळत नाही; कोपर मात्र माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते, असे त्याचे म्हणणे. ओटा कोपराला, खिडकी छातीला, फळी हनुवटीला, पायरी अर्ध्या नडगीला. एवढ्या मापांवर त्याने गाव उभे केले होते.

बरे, काम वाईट म्हणावे तर तसेही नाही. त्याच्या भिंतीला कधी तडा गेला नाही, त्याचे छत कधी गळले नाही. बँकेचा नवा साहेब आला तेव्हा त्याने काउंटर उंच झाल्याची तक्रार केली. मिस्त्री दुसऱ्या दिवशी हजर झाला, काउंटर फोडला, पुन्हा माप घेतले आणि प्रामाणिकपणे होता तेवढाच परत बांधून दिला. त्याच्या कोपराने पूर्वीचेच उत्तर दिले होते, त्याला तो तरी काय करणार? साहेबाने स्टुले मागवली.

या सगळ्यात भले झाले ते सुताराचे. घरटी पाट, स्टुले, चौरंग, लाकडी पायऱ्या, शिवाय दवाखान्याला वेगळी, शाळेला वेगळी. मिस्त्री रस्त्यात दिसला की सुतार सायकलवरून उतरत असे.

आणि सगळ्यात वाईट झाले ते प्रूफवाल्यांचे, कारण मिस्त्री हा त्यांच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ.

प्रूफवाले जन्मभर छापखान्यात प्रुफे तपासत आले होते. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. दुकानाच्या पाटीवरची वेलांटी, लग्नपत्रिकेतला अनुस्वार, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळीकडे त्यांना चूक आधी दिसे आणि मजकूर नंतर. अशा माणसाला या गावात राहायला लावणे म्हणजे त्याचा छळ मांडण्यासारखेच होते. त्यातून स्वभाव भिडस्त. रस्त्यात कोणीही अडवून म्हणे, काय हो, तुमच्या मेहुण्याला सांगा की जरा, आमच्या सासूबाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर चढतात आणि त्यांना उतरवायला दोन माणसं लागतात. प्रूफवाले खाली बघून म्हणत, सांगतो. आणि सांगत नसत. वीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते ते आता कोणत्या तोंडाने सांगायचे, असा विचार ते रोज करत, आणि तसे करता करता आणखी वर्षे जात.

त्यांच्या स्वतःच्या घरातला ओटाही अर्थातच मिस्त्रीचाच. बहिणीचे घर झाले तेव्हा त्याने तो हौसेने बांधून दिला होता. काळा दगड आरशासारखा घासला होता. बहीण त्याच्या काखेत मावेल एवढी. ओटा तिच्या छातीला लागला. ती हसली, सुताराकडून एक स्टूल आणवले आणि त्यावर उभी राहून तिने संसार केला. उतरायचे, फळीवरून डबा घ्यायचा, चढायचे, ढवळायचे, पुन्हा उतरायचे. प्रूफवाल्यांनी ते रोज बघितले होते, म्हणजे बघितलेच नव्हते. मग एका सकाळी दूध उतू जायला लागले, तिने घाईने वळून बघितले, स्टूल एका बाजूला गेले आणि ती दुसऱ्या. उजवे मनगट मोडले.

डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि स्पष्ट सांगितले की यापुढे स्टुलावर चढणे बंद. हाड ठिसूळ झाले आहे. पुन्हा पडल्या तर हात कामाचा राहणार नाही. हे परगावी असलेल्या लेकीला कळले तेव्हा तिने फोनवर बापाला फैलावर घेतले. ओटा खाली घ्या, नाहीतर प्लास्टर निघाल्यावर मी आईला घेऊन जाते, कायमची, तुम्हाला यायचं तर या. तिकडे ओटा माझ्या सासूच्या मापाचा आहे आणि माझी सासू आईएवढीच आहे.

प्रूफवाल्यांनी बायकोकडे बघितले. तिने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. परक्याच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या परवानगीने चहा करायचा, या कल्पनेनेच तिचा चेहरा उतरला होता. आणि प्रूफवाल्यांच्या मनात आले की या घरात आपण एकटे राहिलो तर सकाळी उठून पहिले वाक्य कोणाशी बोलायचे?

तोवर स्वयंपाक त्यांच्या गळ्यात पडला होता. तेही काही ताडमाड नव्हते. त्याच स्टुलावर उभे राहून ते पहिल्यांदाच भात करायला लागले आणि त्यांना कळले की वाफ सरळ तोंडावर येते, खाली बघितले की चक्कर येते, आणि मीठ नेहमी ज्या बाजूला हात पोहोचत नाही त्या बाजूला असते. बायको दारात खुर्ची टाकून बसे आणि सूचना देई. झाकण काढा. आता नाही, मघाशीच काढायला हवं होतं. तो चमचा नव्हे. अहो, उतरताना आधी डावा पाय. प्रूफवाले चडफडत. दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात जन्म गेला होता. आपल्या चुका इतक्या भराभर कोणी दाखवू शकते हे त्यांना नवीन होते.

पहिला उपाय त्यांनी भित्रेपणाने केला. मेहुण्याला न कळवता शेजारच्या गावाहून दुसरा गवंडी बोलावला. तो आला, टेप काढली, ओट्यावर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला आणि खाली वाकून जोड बघितला. कोणाचं काम, म्हणाला. प्रूफवाल्यांनी सांगितले. त्यावर तो म्हणाला की असं काम मला बांधता आलं नाही आजवर, ते फोडायचं पाप माझ्या हातून नको. बायकोने तेवढ्यात डाव्या हाताने त्याला चहा दिला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि दारापर्यंत पोचवून आली. परत आल्यावर तिने नवऱ्याला एवढेच सुनावले की माझा भाऊ धडधाकट असताना दुसऱ्याचा हात माझ्या ओट्याला लागणार नाही. लागला तर मी लेकीकडे आजच जाते.

म्हणजे ओटा खाली यायला हवा, तो मिस्त्रीनेच करायला हवा, आणि मिस्त्री तर आपल्या कोपराखेरीज कोणाचे ऐकत नाही. प्रूफवाल्यांनी दोन दिवस मनातल्या मनात भाषण तयार केले, त्यात तीनदा दुरुस्त्या केल्या, आणि मिस्त्री बहिणीला बघायला आला तेव्हा त्यातले एकही वाक्य त्यांना आठवले नाही.

“दादा,” ते म्हणाले, “हा ओटा जरा उंच झालाय.”

मिस्त्री भिंतीला पाठ टेकून बसला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला. “कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग पहिल्यांदाच का नाही बोललात?”

प्रूफवाल्यांनी चष्मा पुसला. “आता हिला स्टुलावर चढता येणार नाही. तेव्हा या वेळी माप हिच्या कोपराचं घ्या. एवढंच म्हणणं आहे.”

मिस्त्रीने बहिणीकडे बघितले. “हिचा हात तर गळ्यात बांधलाय.”

“दुसरा आहे की.”

“डावा आहे तो. डाव्या हाताचं माप मी कधी घेतलेलं नाही.”

“मग टेप लावा.”

टेपेचे नाव निघायला नको होते. बायकोने डोळ्यांनी खूण केली, पण फार उशिरा. मिस्त्री भिंतीला धरून उठला. “म्हणजे माझं माप चुकतं, असंच ना भावोजी?”

जन्मभर जे चूक होते त्याला चूक म्हणत आलेल्या माणसाला इथे एक साधे ‘नाही’ म्हणून थांबता येईना. “चुकत नाही,” ते म्हणाले, “तुमच्यापुरतं ते बरोबरच आहे.”

“माझ्यापुरतं? मी माझ्यासाठी बांधलंय का काही आजवर?”

एवढे बोलून तो गेला. चहा अर्धा तसाच राहिला. त्या दिवसापासून तो बहिणीकडे यायचा बंद झाला आणि बहीण नवऱ्याशी बोलायची बंद झाली. तशी बोलायची, पण दुसऱ्यांमार्फत. शेजारीण आली की तिला सांगायची, यांना म्हणावं, भात लागलाय. शेजारीण मान वळवून सांगायची, काका, भात लागलाय. प्रूफवाले म्हणायचे, कळलं. दुपारी लेकीचा फोन आला की बायको मुद्दाम मोठ्याने म्हणायची, हो गं, बॅग काढून ठेवलीय माळ्यावरून. माळ्यावर ती चढूच शकत नव्हती, आणि बॅग प्रूफवाल्यांनीच काढून दिली होती. तरीही ते ऐकले की ते उठून बॅग अजून दाराशीच आहे ना, ते बघून येत.

शेवटी प्लास्टर निघायचा दिवस जवळ आला तसे ते निमूटपणे माफी मागायला निघाले. वाटेत बसथांबा लागला. हा मिस्त्रीचा अगदी अलीकडचा, याच वर्षीचा. त्याचे छप्पर बघून प्रूफवाल्यांचे डोके आणखी फिरले, कारण या वेळी ते ठेंगणे होते. आत बसलेली माणसे खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी माना आखडून बसली होती आणि उंच कंडक्टर बाहेर उभा राहून कपाळ चोळत होता. इतकी वर्षे निदान एकाच प्रकारची चूक होती, त्यांच्या मनात आले. आता हा माणूस उलट्या बाजूची चूकही करायला लागला. एका पानात दोन प्रकारच्या चुका असल्या की प्रूफ तपासणाऱ्याला वेडच लागते.

मिस्त्रीच्या घरी वहिनी होत्या. त्या तर नणंदेपेक्षाही बुटक्या. त्यांच्या घरात चुलीपाशी स्टूल, मोरीपाशी खोके, कपाटापाशी दोन विटा, खिडकीपाशी उलटी घातलेली बादली, असे सगळे मांडलेले होते आणि त्या एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत, ओढा ओलांडणाऱ्या बाईसारख्या, जमिनीला न लागता घरभर फिरत होत्या. प्रूफवाल्यांनी कशाला आलो ते चाचरत सांगितले.

“तुम्ही एका ओट्याचं काय घेऊन बसलाय,” वहिनी बादलीवरून म्हणाल्या. “मी लग्न होऊन आले ती अजून खाली उतरलेली नाही.”

मिस्त्री मागच्या पायरीवर ऊन खात बसला होता. प्रूफवाले त्याच्या शेजारी बसले. प्रूफवाल्यांनी मग सांगितले की टेपेचा विषय काढला ते चुकले, तुम्ही तुमच्या मापाने बांधा, हिला तुमच्या हातचाच ओटा हवा आहे. हे बोलताना त्यांना आतून रडूच येत होते, कारण आपण बायकोला पुन्हा त्याच स्टुलावर चढवायची कबुली देत आहोत हे त्यांना कळत होते. पण ती बॅग दाराशी ठेवलेली त्यांना रोज दिसत होती. निदान ओटा तरी नवा होईल. स्टुलावर आपण चढू. मरेपर्यंत आपण चढू.

“उद्या येतो,” मिस्त्री म्हणाला. त्याने वळूनही बघितले नाही.

तो आला. जुना ओटा फोडायला त्याला आणि त्याच्या गड्याला दोन दिवस लागले, कारण त्याचेच काम होते आणि ते त्यालाच दाद देईना. तो स्वतःच्याच सिमेंटवर चिडत होता. सगळ्या घरात धूळ झाली. प्रूफवाले बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले आणि हातातल्या पेन्सिलीने त्यातल्या चुका दुरुस्त करत राहिले, वर्तमानपत्र आधीच छापून गावभर वाटले गेले आहे हे माहीत असूनही. आतून घणाचा आवाज येई, मग मिस्त्रीचा खोकला, मग काहीच नाही. स्वयंपाकघरात डोकावायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. जे व्हायचे ते एकदाच बघू. बायकोही आत गेली नाही. ती भावाला दारातूनच पाणी देत होती, आणि भाऊ पाणी पिताना हातातले सामान खाली ठेवून ओट्याच्या जागी भिंतीला टेकत होता.

प्लास्टर निघाले त्याच दिवशी संध्याकाळी ओटा पुरा झाला. लेकीचा फोन येऊन गेला होता: उद्या सकाळी निघते, दुपारी पोचते, तयारी ठेव. मिस्त्रीने दगड पुसला आणि आतून हाक मारली. बायको गेली. प्रूफवाले खुर्चीवरच बसून राहिले. त्यांनी कान दिला. स्टूल सरकल्याचा आवाज येईल म्हणून त्यांनी वाट बघितली. तो आला नाही. त्याऐवजी सुरीचा आवाज आला, टक टक टक, सावकाश, बरे होत आलेल्या हाताचा.

ते उठून दारात गेले. बायको जमिनीवर उभी होती. पायाखाली काही नव्हते, ना स्टूल, ना पाट, ना वीट. ओटा बरोबर तिच्या कोपराला लागला होता आणि ती कांदा चिरत होती. खांदे खाली, मान सरळ. स्वयंपाक करताना तिचे खांदे खाली असलेले त्यांनी यापूर्वी बघितलेच नव्हते.

प्रूफवाल्यांना काही कळेना. मेहुण्याने आपले ऐकले? बहिणीचे माप घेतले? की कोणी मध्ये पडून टेप लावली? त्यांच्या खिशात टेप होती. नाही नाही म्हणत ती त्यांनी चार दिवस खिशातच ठेवली होती. हात आपोआप तिकडे गेला.

“बघून घ्या भावोजी,” मिस्त्री म्हणाला. “तुमचं समाधान होऊ दे. तेच माप, जे तेव्हा होतं तेच. हे बघा.” आणि त्याने ओट्याशी उभे राहून हात दुमडला. कोपर दगडावर बरोबर टेकले. “काही फरक आहे? उगीच माझ्या कामाला नावं ठेवता.”

प्रूफवाल्यांनी त्याच्याकडे बघितले. इतक्या वर्षांत ते त्याने बांधलेल्या गोष्टींकडे बघत आले होते. त्याच्याकडे असे उभे राहून कधी बघितले नव्हते. मिस्त्रीचे खांदे पुढे आले होते. मान त्यांच्यामधून पुढे निघाली होती, कासवाची निघावी तशी. गुडघे वाकलेले होते आणि ते वाकलेले आहेत हे त्याच्या गावीही नव्हते. मागच्या भिंतीवर जुना ओटा जिथे चिकटलेला होता तिथला गिलावा अजून भरायचा राहिला होता. त्याची खरबरीत रेघ मिस्त्रीच्या छातीच्याही वरून जात होती. बसथांब्याचे छप्पर त्यांना एकदम कळले.

म्हणजे आता बोलता येत होते. आयुष्यभर जे म्हणायचे होते त्याचा पुरावा भिंतीवर होता, खिशात टेप होती, आणि चूक करणारा समोर उभा राहून म्हणत होता की फरक दाखवा. प्रूफवाल्यांनी तोंड उघडले. बायकोची सुरी थांबली. तिने त्यांच्याकडे बघितले नाही, भिंतीवरच्या रेघेकडेही बघितले नाही. चिरलेला कांदा तिने एका बाजूला सारला आणि दुसरा घेतला.

“काही फरक नाही,” प्रूफवाले म्हणाले.

“तेच म्हणतो मी,” मिस्त्री म्हणाला आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेला.

नवराबायको आत राहिली. प्रूफवाल्यांनी हलकेच विचारले की तुला हे ठाऊक होते का. ती म्हणाली, गेल्या वर्षापासून तो मला डोळ्यासमोर दिसतो, पूर्वी मान वर करावी लागायची. मग तू सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, असे प्रूफवाल्यांच्या तोंडाशी आले होते. ते चडफडलेही: एवढा तमाशा, तो गवंडी, ते भाताचे करपणे, ती माफी. पण ते बोलण्याआधीच बाहेरून आवाज आला.

“हा नळ कोणी वर सरकवला?”

दोघे मागच्या दारात आली. मिस्त्री नळाशी उभा होता. हात धुण्याचा नळ त्यानेच बसवला होता, घर बांधले त्याच वर्षी, आपल्या कोपराला. तेव्हापासून तो तसूभर हलला नव्हता. त्याच्या पट्ट्या गंजून भिंतीशी एकजीव झाल्या होत्या. मिस्त्रीने नळाखाली हात धरण्यासाठी ते वर उचलले होते आणि पाणी मनगटांवरून ओघळून त्याच्या बाह्यांत शिरले होते. तो भिजलेल्या बाह्यांकडे बघत होता. चिडलेला होता, पण चिडण्याच्या आड आणखी काहीतरी होते, आणि ते वर येण्याच्या बेतात होते.

“हा इथं नव्हता,” तो म्हणाला. “मी बसवलाय, मला ठाऊक आहे. हल्ली गावात जिकडे जावं तिकडे कोणीतरी काहीतरी वर करून ठेवलेलं असतं.” त्याने त्या गंजलेल्या पट्ट्यांवर बोट ठेवले. ते बोट तिथेच थांबले. “की...”

“मी सरकवून घेतला,” प्रूफवाले म्हणाले.

बायकोने चमकून त्यांच्याकडे बघितले. मिस्त्रीही वळला, सावकाश, अख्ख्या अंगाने.

“तुम्ही?”

“मागच्या वर्षी. नळवाला आला होता, त्याला सांगितलं.”

“तुमचा हात तरी नीट पोचतो का त्याला?”

“नाही पोचत.”

“मग कशाला सांगितलंत?”

प्रूफवाल्यांना खोटे बोलायची सवय नव्हती. पहिले वाक्य जमले होते, दुसरे कसेबसे, तिसऱ्याला त्यांची गाडी अडली. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “चुकलं,” ते म्हणाले.

मिस्त्रीने बोट पट्टीवरून काढले. त्याचा चेहरा हळूहळू नेहमीसारखा झाला, म्हणजे वैतागलेला. मग त्याने मेहुण्याला धारेवर धरले. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्याला हात लावू नये. अक्षरं तपासणं वेगळं आणि भिंत वेगळी. घरात एवढी बुटकी बाई असताना नळ वर घेतो तो माणूस शिकलेला म्हणायचा का? आणि मला म्हणतात, दादा, ओटा उंच झाला! मान खाली घालून प्रूफवाले सगळे ऐकून घेत होते. शेजारीण कुंपणावरून बघत होती. उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार आणि पुढची कित्येक वर्षे लोक आपल्याला नळ वर करून घेणारे म्हणून ओळखणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांना त्याचा मनस्वी राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

“हो ना दादा,” बायको म्हणाली. “मी तेव्हाच यांना म्हटलं होतं.”

प्रूफवाल्यांनी तिच्याकडे बघितले. ती हसू दाबत पदराने डोळे पुसत होती. हातांना कांद्याचा वास होता, तेव्हा डोळ्यांचे काय, ते कोणी सांगावे.

“उद्या येऊन मूळ जागी आणून देतो,” मिस्त्री म्हणाला. “नाहीतर तुमची लेक येईल आणि मलाच नावं ठेवील. चला, खूण करून ठेवा.” त्याने भिंतीशी उभे राहून हात दुमडला आणि कोपर भिंतीला लावले. फोडलेल्या ओट्याचा राडारोडा अंगणातच पडला होता. प्रूफवाल्यांनी त्यातला विटेचा तुकडा उचलला आणि ते मेहुण्याच्या शेजारी ओणवे झाले.

“इथंच होता ना?” मिस्त्रीने विचारले.

“इथंच,” प्रूफवाले म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या कोपराखाली रेघ ओढली.